माणसांना तोंडं का नाहीत?

आमच्या भागात लोक मला ओळखतात ते मेलेल्या माणसांची चित्रं काढणारी बाई म्हणून. वेंगुर्ल्याच्या बाजारात कोणी भेटलं, ‘कशी आसस?’ विचारून झालं, की पुढचं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: ‘आमच्या अण्णांचो फोटो करून होयो होतो.’ फोटो म्हणजे तैलचित्र. अठरा बाय चोवीस इंच, सोनेरी पट्टीची फ्रेम. चंदनाचा हार ते स्वतःच आणतात.

ह्या कामावर माझं घर चालतं आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण उरलेल्या वेळात मी जी चित्रं काढते त्यांत माणसं असली तरी त्यांना तोंड नसतं. तोंडाच्या जागी इरलं असतं, उलटी होडी असते, कधी विहिरीत दिसतो तेवढा आभाळाचा गोल तुकडा असतो. गेल्या हिवाळ्यात ती चित्रं पहिल्यांदा जवळच्या एका हॉलमध्ये लावली. भिंतीपाशी बराच वेळ उभे राहिलेले एक आजोबा शेवटी वळून म्हणाले, ‘गो बाय, लोकांची तोंडा इतकी बरी काढतस, मगे ह्यांका तोंडा कित्याक नाय?’ तिथे मी काहीतरी गुळमुळीत बोलले. गर्दी होती, चहा आला होता. इथे नीट सांगते.

सुरुवात त्या हार घालायच्या चित्रांपासूनच करावी लागेल. लोक काय घेऊन येतात? आधार कार्डाची झेरॉक्स. कोणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो, ज्यात अण्णा मागच्या रांगेत आणि त्यांच्या अर्ध्या गालावर वऱ्हाडणीचा आंबाडा. मोबाइलवर फिरून फिरून दाणेदार झालेला चौकोन. मग सूचना सुरू होतात. दाढी काढा. कोट घाला, त्यांनी कधी घातला नव्हता पण बरा दिसेल. जरा हसरे करा.

सगळ्यांत अवघड काम जोडीच्या चित्राचं. नवरा पस्तिशीत गेलेला असतो, बायको ऐंशी वर्षं जगलेली असते, आणि मुलांना दोघं एका फ्रेममध्ये हवी असतात. आहे तसं काढलं तर आई-मुलगा वाटतात. मग मुलं म्हणतात, ‘बाबांना जरा मोठे करा.’ मी थोरल्या मुलाला खिडकीपाशी बसवते, त्याच्या डोळ्यांखालच्या पिशव्या आणि कपाळावर मागे सरकलेले केस बघते आणि ते सगळं त्याच्या तरुण बापावर चढवते. असा माणूस पृथ्वीवर कधी नव्हता. कधीही न आलेल्या म्हातारपणात तो बायकोशेजारी बसलेला असतो, अंगात कधी न घातलेला कोट. आणि हे चित्र सगळ्यांना अगदी हुबेहूब वाटतं! माझ्या दुसऱ्या चित्रांना मात्र लोक ‘स्वप्नातली’ म्हणतात. मला विचाराल तर ह्याच्याइतकं स्वप्नातलं चित्र मी दुसरं काढलेलं नाही.

अशाच एका कामात एक काकी आल्या. त्यांचे यजमान माडांवर चढायचे, आयुष्यभर तेच काम. फोटो स्वच्छ होता, चित्रही छान उतरलं, नाकडोळे जिथल्या तिथे. काकी बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘तोंड तेंचाच आसा गो. पण ते खंय हत ह्येच्यात?’ मी विचारलं, मग ते कसे होते, सांगा. त्यांना सांगता येईना. त्या उठल्या, माझ्याकडे पाठ केली, एक हात मागे कमरेवर उलटा ठेवला, तळवा बाहेर, आणि मान वर करून माझ्या छताकडे बघत उभ्या राहिल्या. चढायच्या आधी माड जोखत ते असेच उभे राहायचे म्हणे. समोर कागद होता, मी कोळशाने भराभर ती पाठ काढली. काकींनी तैलचित्र ओटीवर लावायला नेलं, पैसे दिले. जाताना कोळशाचा कागदही मागून घेतला. तो त्यांच्या स्वयंपाकघरात आहे, डब्यांच्या फळीला टाचण्या मारून. वर तेलकट धूर बसलाय. फ्रेम करून देते म्हटलं तर नको म्हणाल्या.

ह्याच्या आधीही मी पाठमोरी माणसं काढत होतेच. पण का काढते ते मला त्या दिवशी कळायला लागलं.

लहानपणी आम्ही जत्रेला दशावतार बघायला जायचो तेव्हा पुढची जागा कधी मिळायची नाही. देवळाच्या आवाराच्या टोकाला गोणपाट टाकून बसायचं. तिथून नटाचा चेहरा म्हणजे एक पांढरा-गुलाबी ठिपका. तरीही राणीवर संकट आलं की आमच्या आसपासच्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. काय बघून? राणी म्हणजे गावातलाच कोणीतरी पुरुष, स्त्रीपार्टी करणारा. त्याचे खांदे पुढे पडायचे, हाताची बोटं एकदम सैल व्हायची, आणि पायपेटीचा सूर खाली उतरायचा. तेवढ्यावर रडं. रंगमंचावर बाकडं सोडलं तर काही नसतं. तेच सिंहासन, तेच अरण्य, तोच राजवाड्याचा सज्जा. संवाद लिहिलेले नसतात, नट जागच्या जागी रचतो.

पुढे मोठी झाल्यावर स्केचबुक घेऊन रंगायच्या जागी बसायची परवानगी मिळाली. प्रत्येक नट आपलं तोंड आपणच रंगवतो. हातात छोटा आरसा, समोर पेटारा. मी बघायचे ती वेळ म्हणजे सफेदा लावून झालाय पण भुवया, ओठ अजून काढलेले नाहीत, एवढीच. त्या चार-पाच मिनिटांत तो माणूस कोणीच नसतो. सकाळी शेतात होता तो नाही आणि रात्री राणी होणार तीही नाही. मजा अशी की तेव्हाही तो शेजाऱ्याकडे बिडी मागतो, मोबाइल बघतो, ‘पोराक ताप आसा’ म्हणतो. कोरं तोंड ठेवून माणूस व्यवस्थित जगत असतो. माझ्या चित्रातली कोरी तोंडं तिथून आली. कोणी त्यांना ‘हरवलेली ओळख’, ‘आधुनिक माणसाचं एकाकीपण’ वगैरे म्हणालं की मला हसू येतं. त्या माणसाला एकाकी व्हायला वेळ कुठे असतो!

इरल्याचं तसंच. आता लावणीला सगळ्या प्लास्टिकच्या खोळी घेतात, निळ्या नाहीतर पिवळ्या. आमच्या आजीच्या वेळेला इरली होती. बांबूच्या काड्यांचा सांगाडा, त्यात पानं दाटून बसवलेली, डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकणारी. वाकून लावणी करणाऱ्या बायकांची ओळ बांधावरून बघितली की नुसती इरली दिसायची, माणूस नाहीच. तरी आई लांबूनच हाक मारायची आणि नेमकं आजीचंच इरलं हलायचं. आजी वाकताना आधी डावा पाय मागे घ्यायची, ते आईला ठाऊक होतं.

प्रदर्शनात तीन इरल्यांचं एक मोठं चित्र होतं. खाली पाणी, पाण्यात रोपांऐवजी दिवे लावलेले. आमच्या वाडीतल्या बायका रिक्षा करून आल्या. दिव्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मधलं इरलं कोणाचं, ह्यावर मात्र दोघींची जुंपली. एक म्हणे ही आमची थोरली काकी, दुसरी म्हणे छे, ही माझी आवस, काकी अशी वाकायचीच नाही. मी काढताना दोघींपैकी कोणीही मनात नव्हती. शहरातून आलेल्या एका रसिक गृहस्थांनी ह्याच चित्रासमोर मला दिवे म्हणजे आत्मा का, असं विचारलं होतं. मला वाडीतल्या बायकांचं भांडण जास्त आवडलं, हे उघडच सांगते.

प्रतीकांचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून घेते. स्वप्नात साप दिसला म्हणजे धन, दात पडला म्हणजे मरण, पाणी म्हणजे भावना, अशा याद्या असतात. चित्रं बघणारे कधी कधी अशीच यादी खिशात घेऊन येतात आणि माझ्याकडून बरोबर-चूकची खूण मागतात. बेल्जियमचा रने माग्रीत, त्याने १९२८ साली तोंडावर कापड गुंडाळलेल्या प्रेमिकांचं चित्र काढलं आणि १९६४ साली तोंडापुढे हिरवं सफरचंद तरंगणारा टोपीवाला काढला. माझी चित्रं बघून शिकलेल्या लोकांपैकी निम्मे त्याचंच नाव घेतात. तो लहान असताना, १९१२ साली, त्याच्या आईने नदीत जीव दिला. ती सापडली तेव्हा तिचा झगा तोंडावर आलेला होता, अशी गोष्ट सांगतात आणि कापडाचा अर्थ लागला म्हणून मोकळे होतात. माग्रीतला स्वतःला असली स्पष्टीकरणं पसंत नव्हती. ते मला पटतं. किल्ली सापडली की लोक कुलूप उघडून निघून जातात, खोली बघत नाहीत.

मला जवळचे वाटतात ते चित्रकार प्रभाकर बरवे. १९३६ साली अलिबागजवळच्या नागावला जन्मलेले, १९९५ मध्ये गेले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, काही वर्षं बनारसला होते. घड्याळ, पान, ढग, सफरचंद, असल्या साध्यासुध्या वस्तू त्यांनी सपाट, चकचकीत एनॅमल रंगात मोठ्या मोकळ्या जागेत ठेवल्या. चित्रात माणूस क्वचितच सापडतो, पण नुकताच कोणीतरी उठून गेलंय असं वाटत राहतं. २०१९ साली मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं, तिथे त्यांच्या रोजनिश्याही ठेवल्या होत्या. मी पहाटेच्या गाडीने गेले आणि चित्रांपेक्षा त्या वह्यांपाशीच जास्त उभी राहिले. झाडाच्या एका पानाचा आकार किती वेळा, किती बाजूंनी तपासलेला! स्वप्नाळू माणसाचं ते काम नव्हे.

आणि गंमत बघा, त्याच अलिबाग तालुक्यातलं सासवणे हे विनायक पांडुरंग करमरकरांचं गाव. पुण्यातला १९२८ सालचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. सासवण्याला त्यांच्या घरात त्यांची शिल्पं मांडलेली आहेत. आत शिरलं की चारी बाजूंनी माणसं तुमच्याकडे बघतात, हनुवटीची ठेवण, गालाचं हाड, सगळं असं की नाव विचारावंसं वाटावं. मी तिथून बाहेर पडते तेव्हा दर वेळी वाटतं, तोंडं न काढायचं आपलं सगळं तत्त्वज्ञान गेलं चुलीत. मग घरी येऊन पुन्हा इरली काढते. दोन्ही खरं असू शकतं. माझ्या हाताला एक येतं, एवढंच. नाहीतरी हारवाल्या चित्रांत तोंडं काढून माझी हौस फिटतेच.

आता कामाबद्दल. मी उशाशी वही ठेवते. स्वप्न लिहिते, पण त्यातलं फारसं काही उपयोगी पडत नाही हेही सांगायला हवं. बहुतेक स्वप्नं म्हणजे बस चुकणे आणि गॅस चालू राहणे. एक मात्र टिकलं. बाबा भाताच्या मळ्यात होडी वल्हवत चाललेत, पाणी घोट्याएवढंसुद्धा नाही आणि होडी तरंगतेय. बाबांनी जन्मात होडी वल्हवली नव्हती, ते पोस्टात होते. पहिल्या रेखाटनात होडी खोटी आली. चंद्रकोरीसारखी गोड, कॅलेंडरवर असते तशी. मग जेट्टीवर जाऊन बसले, पेडव्यांचा वास अंगाला लागेपर्यंत. होडी वाळूवर कशी एका कुशीवर कलते, तिला टेकू कुठे देतात, डांबर कुठवर चोपडलेलं असतं, बसायची फळी मध्ये किती झिजलेली असते. ते सगळं कागदावर आल्यावर होडी घोटाभर पाण्यात सोडली आणि चित्र उभं राहिलं. होडीला वजन असेल तरच तिचं तरंगणं नवलाचं. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी हेच सांगते आणि त्यांना ते फार कंटाळवाणं वाटतं. त्यांना थेट पंख काढायचे असतात.

त्या चित्रातही बाबांना तोंड नाही. पाठ आहे आणि खांद्यावर टपालाची पिशवी. आईने बघितलं आणि विचारलं, ‘पिशवी भिजणार नाही ना?’

रंगांपैकी तांबडा मी स्वतः करते. जांभ्याची माती, सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून आणलेली. ती पाण्यात ढवळायची, जड वाळू खाली बसू द्यायची, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, ते निवळलं की तळाचा गाळ वाळवायचा. तो वस्त्रगाळ करून जवसाच्या तेलात काचेवर घोटायचा. लोखंडाच्या गंजाचाच रंग तो, उन्हाने उडत नाही. दुकानातल्या ट्यूबइतका तेजस्वी नाही, पण आमच्या घराची भिंत, पायवाट, पहिल्या पावसात अंगणातून वाहणारं पाणी, सगळं ह्याच रंगाचं. कोऱ्या तोंडांना मी ह्याचाच अगदी पातळ हात देते. पावसाळ्यात तैलरंगाचं काम जवळजवळ बंद ठेवावं लागतं, कारण दमट हवेत तो लवकर धरत नाही आणि कॅनव्हासला मागून बुरशी येते. जून ते सप्टेंबर मी कागदावर कोळसा आणि शाई वापरते, कपाटात कापूर ठेवते, आणि हारवाली मंडळी दिवस-कार्याच्या तारखा घेऊन दारात उभी राहिली की त्यांच्याशी वाद घालते.

सड्यावरून आठवलं. राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर कातळात कोरलेला एक माणूस आहे, दोन्ही बाजूंना दोन वाघ. त्याच तालुक्यात देवाचे गोठणे इथेही एक मानवाकृती आहे, आणि त्या जागी होकायंत्राची सुई बरोबर दिशा दाखवत नाही. ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. मी दोन्हीकडे जाऊन बसले आहे, उन्हाने डोकं उठेपर्यंत. उभं राहिल्यावर आकृती पुरती दिसत नाही. चालत तिच्याभोवती फिरावं लागतं, एक हात बघितला की दुसरा नजरेतून जातो. कोणी कोरलं, कशासाठी, त्या माणसाचं नाव काय होतं, काही उरलेलं नाही. अंगाची ठेवण आणि दोन जनावरांमध्ये निवांत उभं राहायची हिंमत तेवढी उरलीय. तिथे माझ्यासोबत आलेला रिक्षावाला, त्याने आकृतीकडे बघितलं आणि विचारलं, ‘हो कोण?’ आमच्याकडे अनोळखी माणूस दिसला की हाच प्रश्न: कोण, खंयचो, कोणाचो. त्याला तो कातळातल्या माणसालाही विचारावासा वाटला, ह्यापेक्षा मोठी पावती मला तरी ठाऊक नाही.

सध्या स्वतःचं चित्र काढतेय. आत्मचित्र म्हणजे आरसा, असं शिकवलेलं असतं. मला हवी होती पाठ, आणि ती आरशात बघायला दोन आरसे आणि वाकडी मान लागते. शेवटी भाचीला सांगितलं, मी बाजारातून येताना मागून मोबाइलवर फोटो काढ, मला कळू देऊ नकोस. तिने काढले. रात्री जेवताना दाखवत म्हणाली, ‘आते, तू एक खांदो खाली टाकून चालतस.’ आई भात वाढत होती. तिने फोटो बघितला नाही, नुसतं म्हणाली, ‘बापाशीचा ता. टपालाच्या पिशयेन तेंका तसा झाला होता.’ मी म्हटलं, पण मी तर कधी टपाल वाटलं नाही. आई म्हणाली, ‘मगे काय झाला?’

खांदा कॅनव्हासवर ठेवलाय. पिशवीचं काही ठरत नाही. दिली तर बाजाराला निघालेल्या बाईचं चित्र होतं. नाही दिली तर खांदा उगाच खाली का, म्हणून लोक विचारणार, आणि ते आजोबा आले तर ते सगळ्यांत आधी विचारणार. आईचं मत पिशवी द्यावी असं आहे, फक्त भरलेली दाखवू नये.